कोणी दिलं, कोणी आणलं

यंदा २६ मार्चला सोलमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने पत्रकार परिषद घेतली. लहानपणी परदेशी दत्तक गेलेल्या आणि आज ११ देशांत राहणाऱ्या ३६७ जणांनी आयोगापुढे तक्रारी केल्या होत्या. त्यांतल्या ५६ जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाला, हे आयोगाने मान्य केलं. कोणाचे आईवडील माहीत असूनही कागदावर ‘बेवारस’ लिहिलं होतं, तर कोणाला दुसऱ्याच मुलाच्या नावावर विमानात बसवलं होतं. बातमी आली त्या रात्री माझ्या लेकीचा फोन आला. ती शिकागोला नोकरी करते, नुकतीच सत्तावीस पूर्ण झाली. तिने एवढंच विचारलं, “आई, माझी फाइल कुठे आहे?”

फाइल माझ्या कपाटातच होती. १९९९ च्या जानेवारीत, ती दहा महिन्यांची असताना, आम्ही तिला पुण्याहून न्यू जर्सीला आणलं, तेव्हापासूनची. पुणे जिल्हा न्यायालयाचा हुकूम, समन्वय संस्थेचं पत्र, दिल्लीचं ना-हरकत प्रमाणपत्र, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीसाठी केलेली वैद्यकीय तपासणी, लसींची नोंद. एवढ्या कागदांत तिच्या जन्मदात्रीबद्दल एक वाक्य आहे: अविवाहित, वय अंदाजे १९, मूल स्वखुशीने संस्थेच्या स्वाधीन. त्या स्वखुशीखाली जिने सही किंवा अंगठा केला असेल, तो कागद फाइलमध्ये नाही. तो आम्हाला द्यायचा नसतोच. सव्वीस वर्षांत मला तो मागावासा वाटला नाही. लेकीच्या फोननंतर मात्र मी ते एक वाक्य किती वेळा वाचलं असेल, सांगता येणार नाही.

मी व्यवसायाने ग्रंथपाल. अस्वस्थ झालं की वाचत सुटायचं, ही आमच्या धंद्याची सवय. गेले सहा महिने मी बाळांच्या विमानप्रवासाचा इतिहास वाचते आहे. हा लेख त्यातून झाला आहे, आणि तो तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

आपल्या भाषेत शब्द आहे ‘दत्तक’. दत्त म्हणजे दिलेला. इंग्रजीतला ‘अ‍ॅडॉप्शन’ हा शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी निवडण्याचा अर्थ आहे. म्हणजे आपला शब्द देणाऱ्याच्या बाजूने पाहतो आणि त्यांचा घेणाऱ्याच्या. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाबद्दल निष्कर्ष काढू नयेत हे मला कळतं. पण या बाबतीत जुना व्यवहारही तसाच होता. दत्तकविधानात मूल देणारे आईबाप समोर बसलेले असत. त्यांनी दिलं आणि यांनी घेतलं, याला दहा माणसं साक्षीदार. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने होम आवश्यक मानला नाही, मात्र मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे ही अट कायम ठेवली. १८७५ च्या मे महिन्यात खंडेराव गायकवाडांच्या विधवा राणी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला, तेव्हा बडोद्यातल्या प्रत्येकाला तो कोणाचा मुलगा हे ठाऊक होतं. घराणं एकच असल्यामुळेच तर त्याची निवड झाली होती. जुन्या पद्धतीला मी उजळवून सांगत नाही. तो मामला वारसाचा, गादीचा आणि पिंडाचा होता, मुलाच्या सुखाचा नव्हता. मुलीला त्यात जागा नव्हती आणि ज्याचं कूळ माहीत नाही अशा मुलालाही नव्हती.

ही चौकट आपल्याकडे मोडली ती पुण्यात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७४ मध्ये काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा त्यांच्या आश्रयाला आली, तिचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर यशवंत झाला. इथेही देणारीचं नाव इतिहासाला माहीत आहे, हे मला आता विशेष वाटतं. पुढच्याच वर्षी पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम सुरू केला. वारीच्या गावात टाकून दिलेली मुलं तिथे वाढू लागली. आपल्याकडच्या दत्तक संस्थांचा वंश या दोन घरांपर्यंत नेता येतो.

परदेशी दत्तकाची गोष्ट मात्र वेगळीकडे सुरू होते. १९५४ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हॅरी आणि बर्था होल्ट या जोडप्याने कोरियन युद्धातल्या अनाथ मुलांवरचा एक माहितीपट पाहिला. शेती आणि लाकडाचा धंदा करणारं हे श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंब, स्वतःची सहा मुलं. त्यांनी आणखी आठ मुलं घ्यायची ठरवली. १९५३ च्या निर्वासित कायद्यात एका कुटुंबाला दोनच अनाथ मुलं आणता येत, म्हणून त्यांच्यासाठी अमेरिकन काँग्रेसने १९५५ मध्ये खास कायदा केला. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला हॅरी होल्ट बारा मुलं घेऊन पोर्टलंडच्या विमानतळावर उतरले. त्यांतली आठ त्यांची होती. पत्रकार, कॅमेरे, गर्दी. फोटो देशभर छापले गेले आणि होल्ट यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला: आम्हालाही असं मूल हवं आहे.

कोरिया मुलं द्यायला तयार का होता? युद्धाने घरं उद्ध्वस्त झाली होती हे खरं, पण सुरुवातीला जी मुलं पाठवली गेली त्यांतली बरीच अमेरिकन सैनिकांपासून झालेली होती. तिथली कुटुंबनोंद बापाच्या नावाने चालत असे. बापाचं नाव नाही, तर नोंद नाही. नोंद नाही, तर शाळा, नोकरी, लग्न या सगळ्यात अडथळा. आईने मूल सोडावं यासाठी आणखी कुणी जबरदस्ती करायची गरज राहिली नव्हती. सिंगमन री यांच्या सरकारलाही ती मुलं देशाबाहेर गेलेली हवीच होती.

होल्ट यांनी जी पद्धत बसवली तिला मुखत्यारपत्राने दत्तक असं म्हणता येईल. अमेरिकेतल्या जोडप्याने होल्टना मुखत्यारपत्र द्यायचं, कोरियातच कायदेशीर दत्तकविधान उरकायचं आणि मूल भाड्याच्या विमानाने त्यांचं अपत्य म्हणूनच अमेरिकेत उतरायचं. आईबापांनी मुलाला पाहिलेलं नाही, कुणी त्यांचं घर पाहिलेलं नाही. धार्मिक श्रद्धा तेवढी तपासलेली. तिकडच्या समाजसेविकांनी यावर खूप आरडाओरडा केला, आणि तो योग्यच होता. १९६१ च्या कायद्याने या पद्धतीला आळा बसला. होल्ट यांना मी खलनायक ठरवत नाही. १९६४ मध्ये ते कोरियातच वारले. बर्था होल्ट पुढे अनेक दशकं या कामात राहिल्या. ज्या मुलांना कोणी घेणार नाही अशा अपंग मुलांसाठी त्यांनी तिथे घर चालवलं. पण घाईची सवय त्यांच्यापासून लागली हे खरं. मूल वाचवायचं आहे, कागद नंतर बघू.

कागद नंतर बघू, याचं पुढे काय झालं ते आयोगाच्या निष्कर्षात आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत कोरिया गरीब राहिला नव्हता, तरी परदेशी जाणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली. १९८५ या एका वर्षात ८,८३७ मुलं गेली. आता ती युद्धातली नव्हती, अविवाहित आयांची होती. संस्था मुलासाठी एकट्याची, आईबाप नसलेली नवी कुटुंबनोंद तयार करून घेत. जिवंत आईचं मूल कागदावर अनाथ होई, कारण अनाथाला व्हिसा लवकर मिळे. देणारा हात कागदावरून पुसून टाकला की घेणाऱ्याचं काम सोपं होतं, ही त्यातली साधी कारकुनी युक्ती. एकूण सुमारे दोन लाख मुलं गेली. १९८८ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकन वर्तमानपत्रांनी हा देश बाळं निर्यात करतो असं लिहिलं, तेव्हा सरकारला लाज वाटली आणि आकडा उतरू लागला.

या काळातल्या बहुतेक कोरियन बाळांना आणायला त्यांचे नवे आईबाप जात नसत. कोणीतरी प्रवासी, एखादा विद्यार्थी, सुट्टीवर घरी निघालेला सैनिक, तिकिटात सवलत मिळते म्हणून एक-दोन बाळं सोबत घेई. पलीकडे विमानतळाच्या दारापाशी फुगे घेऊन कुटुंब उभं असे. तेरा-चौदा तास ज्याच्या मांडीवर बाळ झोपलं त्या माणसाने ते सोपवून पुढचं विमान पकडायचं. मला या वाहकांबद्दल फार कुतूहल वाटतं. बाळाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या प्रवासाचे ते एकमेव साक्षीदार, आणि बाळाला त्यांचं नावही माहीत नाही.

विमान म्हटलं की १९७५ चा एप्रिल टाळता येत नाही. सायगाव पडायला आलं होतं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अनाथ मुलांना विमानाने अमेरिकेत आणण्याची घोषणा केली. ४ एप्रिलला पहिलं सरकारी विमान, सी-५ गॅलक्सी हे अजस्र मालवाहू, उडाल्यावर काही मिनिटांत त्याचं मागचं दार निखळलं आणि परतताना ते भाताच्या खाचरांत कोसळलं. १३८ जण गेले, त्यांत ७८ मुलं. मोहीम तरीही थांबली नाही. पुढच्या विमानांत पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेली, पट्ट्यांनी बांधलेली बाळं अडीच हजारांहून जास्त संख्येने आली. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला फोर्ड स्वतः एका विमानात चढले आणि बाळ कडेवर घेऊन उतरले. काही आठवड्यांतच कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात खटला उभा राहिला: यातली अनेक मुलं अनाथ नाहीतच, त्यांच्या आयांनी गोंधळात, भीतीने, तात्पुरती सोपवली आहेत. खटला निकालापर्यंत गेला नाही, बहुतेक मुलं नव्या घरीच राहिली.

आता भारत. आपल्याकडची मुलं साठच्या दशकापासून युरोप-अमेरिकेत जात होती. परदेशी माणसाला हिंदू कायद्याने दत्तक घेता येत नसे, म्हणून १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली त्याला मुलाचा पालक नेमत आणि तो आपल्या देशात जाऊन दत्तक घेई. मधल्या काळात मूल ना इकडचं ना तिकडचं. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की दत्तकाच्या नावाखाली कोवळी मुलं लांबच्या प्रवासात जीव धोक्यात घालून पाठवली जात आहेत आणि तिकडे त्यांचं काय होतं याचा पत्ता नाही. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ चा न्यायमूर्ती भगवतींचा निकाल मी या सहा महिन्यांत पहिल्यांदा मुळातून वाचला. मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच मूल द्यायचं, घेणाऱ्याच्या घराची पाहणी झालेली हवी, आधी भारतीय कुटुंब शोधायचं, नाहीच मिळालं तर परदेशी. या गोष्टी मला ऐकून माहीत होत्या. माहीत नव्हतं ते हे: मुलाच्या जन्माआधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत आईची संमती घेऊ नये, तिला विचार करायला वेळ मिळावा, असं त्या निकालात आहे. मूल परदेशी जाऊ शकतं हेही तिला सांगितलं गेलं पाहिजे. म्हणजे देणारीला न्यायालयाने निदान खुर्ची दिली होती.

माझ्या लेकीच्या फाइलमध्ये संस्थेत दाखल होण्याची तारीख आहे. जन्मानंतरचा चौथा दिवस. संमती कधी घेतली, त्याची तारीख नाही. चौथ्या दिवशी दाखल केलं आणि संमती तीन महिन्यांनी घेतली, असं असू शकतं. बहुधा तसंच असेल. तेव्हा आमच्या वकिलांनी घाईने पानं उलटत “सगळं व्यवस्थित आहे” म्हटलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती. आमचं सगळं लक्ष तारखेकडे होतं, पण व्हिसाच्या.

आमची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण आणणारे आम्हीच. नवरा तोवर अमेरिकन नागरिक झाला होता, मी नव्हते. अर्ज त्याच्या नावाने. बोटांचे ठसे, बँकेचे कागद, शेजाऱ्यांची शिफारसपत्रं, घरातला धुराचा इशारा देणारा भोंगा चालतो का याची तपासणी. पाहणीला आलेल्या बाईंनी मला विचारलं होतं, मूल रडायचं थांबलं नाही तर काय कराल? मी म्हटलं, उचलून घेईन. त्यांनी लिहून घेतलं. पुण्यात तीन आठवडे राहून न्यायालयाचं काम केलं, मग मुंबईत ब्रीच कँडीला वकिलातीच्या रांगेत. सहारहून फ्रँकफर्ट, फ्रँकफर्टहून न्यूअर्क. वजन सव्वासहा किलो. विमानाच्या पुढच्या भिंतीला टांगलेल्या झोळीत ती मावत होती, पण झोपली नाही. रडलीही नाही. डोळे उघडे ठेवून दिव्याकडे बघत राहिली. हवाईसुंदरी म्हणाली, किती गुणी बाळ. मलाही तेव्हा ते कौतुक वाटलं.

घरी आल्यावर रडणं सुरू झालं. रात्री अकरा ते पहाटे चार. मी उचलून घेत होते, पण ती अंग ताठ करून मागे ढकलत होती. सगळं करून पाहिलं. अखेर एका रात्री नवऱ्याने दमून स्वयंपाकघरातला रेडिओ लावला, खोलीचा दिवा तसाच ठेवला आणि ती झोपली. संस्थेत एका हॉलमध्ये वीस पाळणे होते, रात्रभर दिवा असे, कोणी ना कोणी रडत असे, आया आपसांत बोलत. आमच्या घरातली शांतता तिला भयाण वाटत होती. कोरियन बाळांबद्दल पुढे वाचलं तेव्हा हे ओळखीचं वाटलं. पाठीला बांधून वावरणाऱ्या सांभाळणाऱ्या बाईकडून, उबदार जमिनीवरच्या अंथरुणातून आलेलं मूल अमेरिकन कठड्याच्या पाळण्यात एका स्वतंत्र खोलीत ठेवलं जाई. ते रडे आणि घरच्यांना वाटे, पोट दुखतंय.

या विषयाचं वैद्यक तसं अलीकडचं आहे. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. डेना जॉन्सन यांनी १९८६ साली परदेशाहून दत्तक आलेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे वाढ साधारण एक महिन्याने मागे पडते, हा त्यांचा ठोकताळा पुढे सर्वत्र वापरला गेला. दहा महिन्यांची आमची बाई सहा-सात महिन्यांची दिसायची, त्याचं उत्तर इतकं सरळ होतं. त्याच सुमारास रुमानियाचे निष्कर्ष बाहेर आले. चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, अनाथालयं भरून गेली. १९८९ च्या अखेरीस तो पडल्यावर दीड-एक वर्षात दहा हजारांवर मुलं परदेशी दत्तक गेली. त्यांतल्या इंग्लंडात आलेल्या १६५ मुलांचा अभ्यास मायकेल रटर यांनी केला. सहा महिन्यांच्या आत आलेली मुलं जवळजवळ पूर्ण सावरली, त्यानंतर आलेल्यांतल्या काहींच्या अडचणी टिकून राहिल्या. मी हे १९९९ च्या फेब्रुवारीत, ग्रंथालयातच, उभ्याने वाचलं. सहा महिने आणि आमचे दहा. घरी येऊन मी मुलीकडे परीक्षकासारखी पाहू लागले. नजर देते का, बोट दाखवते का. पुण्याची आया-मावश्यांची संस्था आणि रुमानियातल्या त्या कोठड्या यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, हे समजायला मला शहाणपण हवं होतं आणि झोपही.

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. शेक, शेगडी, मालीश, अळिवाची खीर, आणि मुख्य म्हणजे कोणी तिच्याकडून कसली अपेक्षा करत नाही. मी बाळंत झाले नव्हते, म्हणून माझ्या वाट्याला त्यातलं काही येणार नव्हतं. सासूबाई आल्या होत्या, प्रेमळच होत्या, पण त्यांच्या मते मी ठणठणीत होते. मैत्रिणी म्हणत, बरं झालं, तुला कळा सोसाव्या लागल्या नाहीत. मी मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडत असे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मूल घरात आहे आणि मला ते परक्याचं वाटतं, हे कोणाला सांगणार? पाहणीला येणाऱ्या बाईंना तर नाहीच. त्या मूल काढून घेतील अशी भीती. दत्तकानंतरच्या या खिन्नतेला जून बाँड या अमेरिकन लेखिकेने १९९५ मध्ये नाव दिलं होतं हे मला फार नंतर कळलं. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने दत्तक घेणाऱ्यालाही बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, ती मी घेतली आणि पाचव्या आठवड्यात कामावर परतले. घरी राहणं जमेना. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, मात्र मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर. आपल्याच नियमांप्रमाणे मूल दत्तकासाठी मोकळं होईपर्यंत दोन महिने चौकशीत किंवा फेरविचारात जातात. मग ही रजा कोणाच्या वाट्याला येणार, हे कायदा करणाऱ्यांनी बोटांवर मोजायला हवं होतं.

मार्चमध्ये माझी आई पुण्याहून आली. तिने डिंकाचे लाडू आणले होते. मी म्हटलं, अगं, मला कशाला? ती म्हणाली, “रात्रभर जागतेस ना? मग खा.” तिने तिसऱ्या दिवशी मुलीला तेल लावून, पाय पसरून त्यावर उताणी घेऊन न्हाऊ घातलं. धुरी दिली, तीट लावली. ती पाच महिने राहिली. एके दिवशी मी कामावरून आले तेव्हा मुलगी आजीच्या कडेवरून माझ्याकडे झेपावली. तारीख मी लिहून ठेवली नाही याचं वाईट वाटतं. घरी आल्याचा दिवस आम्ही दरवर्षी साजरा करायचो. खरं तर हा दिवस साजरा करायला हवा होता.

आमच्या पाठोपाठ ओळखीतली दोन अमेरिकन कुटुंबं चीनला गेली. एक मूल धोरणाच्या काळात तिथे मुली टाकल्या जात. १९९२ पासून त्या परदेशी दत्तक जाऊ लागल्या, आणि जगभरात दीड लाखाहून जास्त गेल्या. चीनची पद्धत कोरियाच्या उलट: आईबापांनी स्वतः जायचं. दहा-बारा कुटुंबांचा गट, प्रांताच्या राजधानीत एकाच दिवशी सगळ्यांच्या हातात बाळं, मग व्हिसासाठी क्वांगचौ. तिथे व्हाइट स्वान हॉटेलात लाल कोचावर ओळीने बाळं बसवून फोटो काढायचा. हॉटेलात या कुटुंबांना गोऱ्या बाहुलीच्या कडेवर चिनी बाळ असलेली बार्बी भेट मिळायची. शेजारणीने मला ती दाखवली, तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. आता हसू येत नाही. चीनमध्ये मूल टाकणं गुन्हा होता, त्यामुळे देणारी आई कायद्यानेच गप्प होती. बाळाबरोबर क्वचित लाल कागदाची चिठ्ठी सापडे, तीवर जन्मतारीख. बाकी ‘अमुक पुलाशी सापडली’ एवढंच. २००५ मध्ये हूनानमध्ये अनाथालयांनी बाळं विकत घेतल्याचं उघड झालं, तेव्हा त्या ‘सापडली’ या शब्दाबद्दलही शंका आली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीनने परदेशी दत्तक बंदच केलं.

एकूण हा अध्याय संपतो आहे. २००४ मध्ये अमेरिकेत परदेशाहून जवळजवळ तेवीस हजार मुलं दत्तक आली, २०२३ मध्ये तेराशेच्या आसपास. १९९३ च्या हेग कराराने कागद कडक केले, भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. नेदरलँड्सने २०२१ मध्ये जुने गैरप्रकार तपासून नवे अर्ज थांबवले, स्वीडनच्या चौकशी समितीने यंदा जूनमध्ये हे सगळं बंद करण्याची शिफारस केली. ज्यांचे कागद अर्धे राहिले त्यांचे हाल वेगळेच. अमेरिकेने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला तो २००१ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला, आणि तोवर अठरा पूर्ण झालेल्यांना त्यातून वगळलं. तिसऱ्या वर्षी कोरियातून आलेला एक माणूस एक्केचाळिसाव्या वर्षी परत कोरियाला धाडला गेला. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. त्याच्या दोन्ही दत्तक घरांनी अर्ज भरायचं राहून दिलं होतं. आमची लेक त्या दिवशी तीन वर्षांची होत आली होती. तिचं आपोआप झालं. आम्हीही अर्ज भरलेला नव्हता.

भारताच्या नियमांत प्रौढ दत्तकाला आपली मुळं शोधण्याचा हक्क आहे. तो तिने स्वतः वापरायचा, तिच्या वतीने तिसऱ्या कोणी नाही. आईची संमती नसेल तर नाव सांगितलं जात नाही. लेकीने जूनमध्ये अर्ज केला. संस्थेकडून एक पत्र आलं की जुन्या नोंदी काढायला वेळ लागेल. मी एकदा म्हटलं की मी ओळखीने चौकशी करून बघू का. तिने शांतपणे सांगितलं, “आई, यात तू तिसरी आहेस.” नियम सांगत होती ती. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

फाइलच्या तळाशी विमानाचे तीन बोर्डिंग पास निघाले. तिसऱ्यावर आसनाचा क्रमांक नाही, नुसतं ‘बाळ’ अशी खूण आहे. त्याखाली एक दुपटं, संस्थेने तिला गुंडाळून दिलेलं, कोपऱ्यात लाल दोऱ्याने घातलेला १७ हा आकडा. पाळण्याचा नंबर असावा. मी तिला फोटो पाठवला. तिने लिहिलं, ते धुऊ नकोस.

डिसेंबरमध्ये ती पुण्याला जाते आहे. आधी दोन दिवस आमच्याकडे येईल, मग न्यूअर्कहून विमान. मी बरोबर येऊ का, असं विचारलं. विमानतळावर सोडायला ये, म्हणाली.